प्लेटांवरच्या कुरडया

माझ्या आईच्या श्वासावर गल्लीतल्या बायकांनी कुरडया वाळत घातल्या, आणि त्या उत्तम वाळल्या.

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवतो आहे. माय गेली त्याला आता काही महिने झाले. (आम्ही तिला मायच म्हणायचो, पुढे सगळी गल्लीही तेच म्हणू लागली.) लातूरच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो, त्यामुळे कोणत्याही संकटात आधी पुस्तक शोधायचं ही खोड. शोक कसा करावा यावरही मी पुष्कळ वाचलं. पण शोकावरच्या एकाही पुस्तकात कुरडयांचा उल्लेख नाही! म्हणून हे स्वतःच लिहायला बसलो आहे.

चुलीच्या धुराने मायची फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायला सांगितली. मशीन विजेवर चालणार, आणि किल्लारीजवळच्या आमच्या गावात वीज पाहुण्यासारखी. कधी येईल ते ठाऊक नाही, आणि जाताना सांगून जायची रीत नाही. त्यात एकदा डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की नवा येईपर्यंत गावाने कंदील पुसत बसायचं. बाकीच्यांचं त्यात फक्त अंधारावर भागायचं. मायचं भागणार नव्हतं.

म्हणून मी निवृत्त होऊन गावी आलो आणि भूकंपानंतर मिळालेल्या आमच्या घराच्या स्लॅबवर सोलारच्या चार प्लेटा बसवल्या. मायच्या खाटेशेजारी छोट्या कपाटाएवढी बॅटरी आली. दिवसा उन्हाने ती भरायची आणि वीज गेली की मशीन तिच्यावर चालायची. मी माहितीपुस्तिका दोनदा वाचली आणि गल्लीतल्या बायकांना अंगणात बसवून व्याख्यान दिलं.

"प्लेटा स्वच्छ ठेवायच्या. धूळ बसू द्यायची नाही. थेट काचेला काहीही चिकटू द्यायचं नाही. कळलं?"

"हाव सर," शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या. "काचेला कायबी चिकटू द्यायचं न्हाई."

कौसाबाईंनी हे शब्द अगदी तंतोतंत पाळले. सगळा घोटाळा तिथेच झाला.

सुरुवातीला सगळं छान चाललं. गावात वीज गेली की आमचं एकच घर उजळायचं, आणि गल्ली हळूहळू आत यायची. कौसाबाईंच्या नवऱ्याची साखरेची इंजेक्शनं आमच्या फ्रिजमध्ये राहायला आली. पलीकडच्या घरातलं दम्याचं लेकरू वाफ घ्यायला यायचं. मोबाइल तर इतके, की चार्जिंगच्या फळीवर बाजार भरल्यासारखं दिसायचं. मी कुरकुरलो की माय नाकातली नळी सावरत म्हणायची, "बाळू, ऊन काय तुझ्या बापानं लावलंय का?" (माझं वय एकसष्ट. तिच्या लेखी मी बाळूच.)

मग चैत्र सरला, उन्हं तापली, आणि बॅटरी भरेनाशी झाली.

ऊन असं की अंगणातली कुत्री पाणी मागायच्या ऐवजी पाण्यातच बसायची, आणि मोबाइलवरच्या ॲपात पाहावं तर सोलारची बॅटरी अर्धीसुद्धा नाही! मायजवळ कौसाबाईंना बसवून मी सकाळी गावच्या वाचनालयात जायचो तो संध्याकाळी परतायचो. गुडघ्यांमुळे शिडी चढणं मला बंद. म्हणून मी खालूनच संशोधन केलं. आकाशातली धूळ, विषुववृत्त, सूर्यावरचे डाग, सगळं वाचून काढलं. शेवटी सोलारवाल्याला बोलावलं. तो बिचारा दिवस मावळताना आला, वर गेला आणि भारावून खाली आला.

"सर, इतक्या चकाचक प्लेटा मी अख्ख्या जिल्ह्यात न्हाई पाहिल्या. रोज पुसता का काय?"

"आमच्या कौसाबाई बघतात," मी अभिमानाने म्हणालो.

कौसाबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागल्या. मला वाटलं, संकोची बाई!

"मग बॅटरी का भरत नाही?"

"ऊनच कमी पडून राह्यलं असंल, सर," तो घाम पुसत म्हणाला.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आलं. वारा असा, की समोरच्या घरावरचा पत्रा रस्ता ओलांडून आमच्या दारात येऊन बसला. खांब आडवे झाले आणि वीज गेली. मी निर्धास्त होतो. मायच्या उशाशी बसून पुस्तक उघडलं. दोन पानं झाली नसतील, तोच बॅटरी किंचाळायला लागली. मग बंद पडली. मग मशीन किंचाळायला लागली!

मायच्या छातीचा भाता जोरात हलायला लागला. ओठ काळसर पडले. घरात एक छोटं सिलिंडर होतं, ते मी लावलं. किती वेळ पुरेल, हे त्यावर लिहिलेलं होतं. पण माझा चष्मा सापडेना. पुढे कळलं, तो माझ्याच डोळ्यांवर होता, आणि मी रडत असल्यामुळे दिसत नव्हतं.

"कौसाबाई!" मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "गाडी! रुग्णालय! काहीतरी!"

"गाडी कुठून जाणार, सर? औशाच्या रस्त्यावर झाडं पडलीत." त्या दारातूनच मागे फिरल्या. "थांबा. वेशीत वरात अडकली हाय!"

वरातीचा मायच्या श्वासाशी काय संबंध, हे मला कळेना. पण थोड्या वेळात गल्लीत घरघर ऐकू आली. वरातीच्या डीजेची पिकअप! तिच्यावर भलामोठा जनरेटर, मागे फेटे बांधलेलं वऱ्हाड, आणि त्यांच्या मागे घोड्यावर भिजलेला नवरदेव. कौसाबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसून हुकूम सोडत होत्या.

डीजेवाल्याने खिडकीतून वायर आत टाकली. मशीन पुन्हा घुमायला लागली. फक्त एक अडचण होती.

"काका, लायटिंग बी चालू राहणार बरं का. एकच बटण हाय समद्याला. गाण्याचं तेवढं मी बंद केलंय."

अशा रीतीने माझी आई त्या संध्याकाळी लाल, हिरव्या आणि जांभळ्या गरगरत्या उजेडात श्वास घेत होती, मी तिचा हात धरून बसलो होतो आणि खिडकीतून घोडा आत पाहत होता. इतकं हसू येण्याजोगं दृश्य मी कधी पाहिलं नाही, आणि इतका घाबरलोही कधी नव्हतो.

हळूहळू मायच्या ओठांवर रंग आला. (आधी जांभळा वाटला, पण तो लायटिंगचा होता.) तिने डोळे उघडले, दारातले फेटे पाहिले आणि क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलली.

"कौसा... पाहुणे उपाशी उभे हायेत. चार कुरडया तळ की."

"कोणत्या कुरडया?" मी विचारलं.

डीजेवाला वायरीकडे पाहू लागला. कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मला एकदम तो सोलारवाला आठवला.

"माय, कोणत्या कुरडया?"

"यंदाच्या," माय म्हणाली. "लई खुसखुशीत झाल्यात. काळी काच तापती ना चांगली."

"तुम्ही प्लेटांवर वाळवण घातलं?"

"काचेला न्हाई चिकटू दिलं, सर!" कौसाबाई घाईघाईने म्हणाल्या. "देवाची आण! आधी जुनं लुगडं अंथरायचो चारी प्लेटांवर. वर कुरडया. तुम्ही यायच्या आधी काढून, पुसून, लख्ख!"

"अहो, पण लुगड्याखाली ऊन जाणार कसं? बॅटरी भरणार कशी?"

"कुरडीला भोकं असतात," माय म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला.

"आन् मला सांग बाळू," ती दम खात पुढे म्हणाली, "तव्यावर भाकर टाकली म्हणून तवा गार होतो का?"

बत्तीस वर्षं पुस्तकांत काढलेला मी बॅटरीची माहितीपुस्तिका शोधायला उठलो. नवरदेवाचा बाप मात्र तोवर तळून आलेल्या कुरडईचा तुकडा मोडत म्हणाला, "बरोबर हाय म्हातारीचं."

वरात रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या दारात होती. पुढे रस्ता मोकळा झाला आणि मायला लातूरच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती परत आली. आल्या आल्या मी गल्लीसमोर फर्मान काढलं: प्लेटांवर सुतळीचा तोडासुद्धा पडता कामा नये! सगळ्यांनी माना हलवल्या. बॅटरी रोज काठोकाठ भरू लागली. आणि माय रोज एकदा छताकडे पाहून सुस्कारा सोडायची. "माझ्या एकटीच्या दमापायी गल्लीचं वाळवण बुडालं."

"माय, तुझ्या जिवापेक्षा वाळवण मोठं आहे का?"

"तसं न्हाई रे. पण एवढं ऊन फुकट चाललं की."

ती हिवाळ्यात गेली. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, गावात वीज होती, बॅटरी भरलेली होती, मशीन सुरळीत चालू होती. कुणावर चिडावं, कुणाला फोन करावा, काही सोयच ठेवली नाही तिने.

दहाव्या दिवशी तेरणेच्या काठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असलं की तो शिवत नाही, म्हणून ज्याने त्याने मोठ्याने शब्द द्यायला सुरुवात केली. "बाळूकडं आम्ही बघू!" कावळा गप्प. "मशीन गरजू माणसाला देईन," मी हात जोडून म्हणालो. "कौसाबाईंच्या मालकांची इंजेक्शनं आपल्याच फ्रिजात राहतील." कावळ्याने पंख झाडले आणि पाठ फिरवली. ऊन वर चढलं. भटजींनी घड्याळ पाहिलं. काय राहिलं असेल हिच्या मनात?

शेवटी मागे उभ्या असलेल्या कौसाबाई पुढे आल्या आणि बाभळीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय, प्लेटांवर वाळवण घातलं तर सर आता कायबी बोलणार न्हाईत!" मग माझ्याकडे वळून, हळूच: "म्हणा की, सर."

सगळा गाव माझ्याकडे पाहत होता. "नाही बोलणार," मी म्हणालो.

कावळा दगडासारखा खाली आला.

दिलेला शब्द मोडता येत नाही. आता मशीन घरात नाही, तेव्हा फ्रिजला आणि गल्लीच्या दिव्यांना दोन प्लेटा पुरतात. उरलेल्या दोन मी वाळवणाला सोडल्या आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी मी दुपारी शिडी चढतो आणि डोक्यावर टॉवेल घेऊन, हातात काठी धरून राखण करतो. पुस्तक नेलं होतं, पण वाचायला उसंत मिळत नाही. एक कावळा रोज येतो, माझ्यासमोर सावकाश कुरडई उचलतो आणि मी काठी उगारली तरी जागचा हलत नाही. त्याला ठाऊक आहे. मी काही बोलणार नाही, असं कबूल करून बसलो आहे!