फेब्रुवारीबाई

फेब्रुवारी लागला की तिच्या फोनला उसंत नसे. थंडीनं धरलेली म्हातारी माणसं जायची ती नेमकी याच महिन्यात, आणि मागं राहिलेल्या खोलीला हात लावायला घरचं कुणी धजत नसे. मग हिला बोलावणं. तिचा धंदाच तो: माणूस गेलं की त्याची खोली रिकामी करून, धुऊनपुसून द्यायची. अख्खी गल्ली तिला फेब्रुवारीबाई म्हणायची आणि तीही खुशाल ओ द्यायची.

नाव शोभायचंही. तिचा जन्म याच महिन्यातला. शिवाय नवरा शाळामास्तर; त्यानं लग्नानंतर तिला सांगितलं होतं की रोमन लोकांनी या महिन्याला नावच शुद्धीवरून दिलं. एके काळी हा वर्षाचा शेवटचा महिना. घरं झाडायची, गेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं ठेवायची, मगच नव्या वर्षात पाऊल टाकायचं. महिन्याचा जांभळा खडाही मास्तरानंच अंगठीत बसवून दिला. तो घातला की दारू चढत नाही, अशी जुनी समजूत. तुला तर न पिताच चढते, असं म्हणून मास्तर तिला चिडवायचा. तो गेला तेव्हा त्याची खोली तिनंच आवरली, आणि तिथूनच या कामाला सुरुवात झाली.

कामाचा क्रम तिनं स्वतः ठरवला आणि लेकीच्या अंगात भिनवला. जिवंत माणसाची खोली असेल तर सुरुवात पलंगापासून. गेलेल्याच्या खोलीत उलटं: आधी दारातल्या सपाता उचलायच्या, कारण घरचे त्या बघूनच कोसळतात. मग चष्मा, मग कपडे. पलंग अगदी शेवटी. लेक कसली चुकते! आईच्याच तालमीत तयार झालेली.

त्या वर्षी मात्र बाईचं लक्षण काही ठीक नव्हतं. जिना चढताना धाप लागे, कपडे अंगावर लोंबू लागले. एका घरी फरशी पुसताना बोटातली अंगठी सुळकन बादलीत पडली. साबण लावूनही कधी न निघणारी अंगठी! तिनं ती पदराच्या टोकाला बांधून टाकली. शेवटी लेकीनंच हट्टानं तपासण्या करवल्या. रिपोर्ट आणायला लेक एकटीच गेली आणि येऊन म्हणाली, काही नाही, अशक्तपणा आहे, थोडे दिवस घरी बस. सांगताना ती ओटा पुसत होती. पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

घरी बसेल ती फेब्रुवारीबाई कसली? दुसऱ्या दिवशी गेलीच कामावर, आणि दुपारीच दम संपला म्हणून परत आली. घरात साबणाचा वास. लेक तिची खोली आवरत होती. आईला बघून दचकली, मग हसली. म्हणाली, जगाची घरं आपण आवरतो, आपलं कोण आवरणार? फेब्रुवारी आहे ना! बाईला बरं वाटलं. पोरीला माया आहे हो, असं मनाशी म्हणत ती पायातल्या चपला काढून सपाता घालायला वाकली.

सपाता जागेवर नव्हत्या. भिंतीशी तोंड बांधलेली पिशवी होती, त्यातून त्यांच्या टाचा दिसत होत्या. वर तिचा वाचायचा चष्मा ठेवलेला. कपाट अर्धं रिकामं. पलंगाला मात्र हात लागला नव्हता, सकाळची चुरगळलेली चादर तशीच होती.

"सपाता आधी उचलल्यास?" तिनं हळूच विचारलं.

लेकीनं पिशवीकडं पाहिलं, पलंगाकडं पाहिलं. आपल्या हातांनी काय केलंय ते तिला आत्ता कळलं. हातातलं फडकं गळून पडलं आणि ती मटकन खाली बसून रडू लागली.

"पुढचा फेब्रुवारी दिसेल का गं मला?"

बाईला फार भीती वाटत होती. तरी तिनं पिशवीची गाठ सोडली, सपाता काढून पायात घातल्या आणि चादरीचं एक टोक लेकीच्या हातात दिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पलंगापासून सुरू कर."