रोज एक शब्द, तोही खऱ्या माणसावर

आम्ही तिघी व्हिडिओ कॉलवर भेटलो की तब्येतीच्या चौकशा जेमतेम चहा उकळेपर्यंत टिकतात. मग कुणीतरी म्हणतं, "ए, तो बसवाला आठवतो?" आणि कॉल लांबतोच! आता तिघी तीन गावांत आहोत, पण किस्से सगळे ब्रिटनमध्ये, कार्डिफला एकाच घरात राहायचो तेव्हाचे.

तिघींनाही इंग्लिशची परीक्षा द्यायची होती. मला आणि मधुराला असली तर बरी, एवढंच. सायलीचं तसं नव्हतं. नागपुरात ती वॉर्ड सांभाळणारी नर्स. कार्डिफमध्ये पास होईपर्यंत वृद्धांच्या केअर होममध्ये मदतनीस. स्पीकिंगमध्ये दोनदा नापास झाली होती. आता राहिली तर व्हिसा संपून थेट घरी.

मधुराने नियम काढला. सकाळी फ्रिजवर एक नवा शब्द चिकटवायचा आणि संध्याकाळपर्यंत तो बाहेरच्या खऱ्या माणसावर वापरायचा. घरात वापरलेला धरणार नाही!

*

मला मुद्दाम दिला 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह', म्हणजे धास्तावलेली. दिवसभर धीर झाला नाही. शेवटी बसमध्ये चढता चढता ड्रायव्हरला म्हटलं, "आय अ‍ॅम अ‍ॅप्रिहेन्सिव्ह."

तो म्हणाला, "सो अ‍ॅम आय, लव्ह. इट्स माय फर्स्ट डे."

मी पुढच्याच स्टॉपला उतरले!

*

मधुराचा शब्द 'डेव्हास्टेटेड', म्हणजे पार उद्ध्वस्त झालेली. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर संपलेली. संधी साधून ती तिथल्या पोराला म्हणाली, "आय अ‍ॅम डेव्हास्टेटेड!" मागच्या आजींनी तेवढंच ऐकलं, ट्रॉली सोडली आणि हिला मिठीच मारली. "माझा नवराही गेल्याच महिन्यात गेला, डिअर."

आता कोथिंबिरीचं कसं सांगणार? दोघी भाज्यांसमोर उभ्या राहून रडल्या.

"खोटं नाही गं रडले," मधुरा घरी येऊन म्हणाली. "पण कोथिंबीर नाहीच मिळाली."

*

सायली आपला शब्द केअर होममधल्या इंग्लिशच्या एका निवृत्त मास्तरांना ऐकवायची. एकदा ते पॉरिजचा चमचा थांबवून म्हणाले, "हा मी आयुष्यभर शिकवला. बोललो एकदाही नाही!"

*

सरावाला सायली भारी शब्द शोधायला थांबायची, ती थांबायचीच. एकदा ती बोलत असताना फोडणी करपली आणि स्मोक अलार्म केकाटला. मला टोस्टर उडाला तरी धडधडतं. मी थेट टेबलाखाली! मधुरा स्टुलावर चढून टॉवेलने धूर हाकलत ओरडतेय, "सायली, बोलत राहा, टायमर चालू आहे!"

सायली खाली वाकून मला म्हणते, "तू काय करून राहिली तिथं? परीक्षा माझी आहे ना!"

*

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. ती आत, मी बाहेर. ती आली ती चेहरा पाडूनच.

"गेलं बहुतेक. घरातल्या एका वस्तूबद्दल बोला, म्हणाली परीक्षक बाई. मी आमचा कूलर सांगितला. उन्हाळा लागला की बाबा त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायचे, पाणी भरायचे, आम्ही भावंडं समोरच्या जागेसाठी भांडायचो... तेवढ्यात 'थँक यू' म्हणून तिनं थांबवलं. वेळ संपली."

"मग?"

"तोंडातून निघून गेलं, 'अहो थांबा ना, बाबा अजून पाणी भरून राहिले!'"

"मराठीत?"

"मराठीत!"

"मग ती काय म्हणाली?"

"तिला काय कळलं देव जाणे, पण पेन खाली ठेवलं, आणि म्हणाली, 'अँड देन?'"