नानांचं पातळ पिस्तूल

आमचे बन्सीनाना गेले तेव्हा दारात दोन-तीन मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. उतरले ते शिरपूरकडचे, रावेरकडचे लोक, पांढरे कपडे, कमरेला फुगीर. गल्लीत लगेच कुजबूज सुरू झाली. पिस्तूलवाले आले. नक्की काय धंदा होता म्हाताऱ्याचा? माणूस तिरडीवर, आणि लोकांचं हे. पण गल्लीला काय बोलायचं, नानांवर सगळ्यात मोठा संशय तर घरातूनच घेतला गेला होता. घेतला आमच्या अक्काने, नर्मदाबाईने, नानांच्या बायकोने. आणि तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनेही तेच केलं असतं.

नाना अमळनेरात चामड्याचं काम करायचे. पट्टे, दप्तरं, वॉचमन लोकांच्या शिट्टीच्या दोऱ्यासुद्धा. पण नाव झालं ते पिस्तुलाच्या कव्हरांमुळे. नियम एकच. आधी लायसन दाखवा, पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवा, मग चहा. नाना मापं घ्यायचे, पिस्तूल तिथल्या तिथे परत द्यायचे, आणि मागून लाकडाचं हुबेहूब तसंच कोरायचे. त्याच्यावर ओलं चामडं ताणून वाळवलं की कव्हर तयार. चपलेचा फर्मा असतो ना, तसा हा पिस्तुलाचा फर्मा. घरात असे फर्मे ढिगाने. अक्का झाडलोट करताना ते वांग्यांसारखे टोपलीत टाकायची.

रविवारी दुकानात बैठक बसायची. रावेरकडचे तोताराम पाटील, केळीवाले, आणि शिरपूरचे हितेंद्रशेठ, कापसाचे जिनिंगवाले, हे ठरलेले. दोघांकडे लायसनची पिस्तुलं. शेठचं जाडं, आत गोळ्यांच्या दोन रांगा. पाटलांचं पातळ, एकच रांग.

"शेठ, तुमनं पिस्तूल कमरेले म्हंजे तांब्या खोची लिधा," पाटील म्हणायचे.

"पन गोळ्या तं पहा ना किती बसतस!"

"कितीबी बसू द्या. तुमले काय लढाईवर जानं शे? जिनिंगवरथून घर, घरथून जिनिंग."

मग निकाल नानांकडे. नाना पाटलांचं पिस्तूल दोन्ही हातांनी उचलायचे, जावयाला ताट द्यावं तसे. म्हणायचे, गोळ्या एकाखाली एक, म्हणून मूठ बारीक. मूठ बारीक, म्हणून बोटं पूर्ण फिरतात. सदरा अंगावर सरळ पडतो, आत काही आहे ते कळत नाही. ह्याला म्हणायचं काम. जास्त घालणं कुणालाही येतं, कमी करणं अवघड. आणि परत देताना हात जरा रेंगाळायचा. अक्का आतून बघायची. तिला तो हात आवडायचा नाही.

नानांनी स्वतः एकदा लायसनसाठी अर्ज केला होता. कचेरीत विचारलं, तुम्हाला कुणापासून धोका आहे? नाना म्हणाले, कुणापासूनच नाही. मग कशाला पाहिजे? तर म्हणे, आवडतं. सगळी कचेरी हसली. नानाही हसले आणि घरी आले. पण अक्काच्या डोक्यात ते राहिलं, की ह्या माणसाला पाहिजे आहे, आणि सरळ मार्गाने मिळत नाही.

त्यात त्या वर्षी निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात, निकाल लागेपर्यंत कुणाच्या घरी काही राहत नाही. म्हणजे नानांचं काम बंद. पण नाना तर रोज दुपारी मागच्या खोलीत दार लोटून बसायला लागले. पाटलांचं पिस्तूल ठाण्यात, शेठचं ठाण्यात, मग हे माप कुणाचं घेतात?

अक्काने विचारलं, "कोनं काम शे?"

"कोनंच नही."

"मंग दार काबर लोटतस?"

"वारा येस."

कार्तिक महिना, पान हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना बाजारात गेल्यावर अक्काने ट्रंक उघडली. सगळ्यात खाली मलमलचं फडकं, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. तिने उचललं आणि तिचा हातच खाली गेला. इतकी वर्षं तिने फर्मे पुसले होते, लाकडाचं वजन तिला माहीत होतं. हे लाकूड नव्हतं. फडक्याचं टोक सरकवलं तर काळं, गुळगुळीत, चपटं. पूर्ण उघडलं नाही तिने. टीव्हीवर बघितलं होतं, हाताचे ठसे उमटतात.

राज्याच्या सरहद्दीपलीकडून चोरटी पिस्तुलं येतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. अक्काने मनात जुळवून टाकलं. घेतलं म्हाताऱ्याने.

दुसरी कुठली वेळ असती तर तिने नानांना समोर बसवून झाडलं असतं. पण मृणाली, त्यांची मुलगी, धुळ्याला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करत होती आणि नुकतीच निवडली गेली होती. मैदानावर पळून पळून पोरीच्या पायाची नखं काळी पडली होती. आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. म्हणजे पोलीस घरी येणार, शेजारीपाजारी विचारणार, कागदावर लिहून नेणार. आणि घरात ट्रंकेत हे. पोरीची नोकरी जाईल, बाप आत जाईल, दोन्ही एकाच दिवशी. नानांना विचारावं तर ते हलवून दुसरीकडे लपवतील. अक्काचा आता त्यांच्या कुठल्याच शब्दावर भरवसा नव्हता. रात्री ते कुशीवर वळले तरी ती डोळे उघडून बघायची.

सकाळी तिने थैलीत ज्वारीचं पीठ भरलं, त्यात ते फडकं खुपसलं, बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि चोपड्याची एसटी धरली. मध्ये तापीचा पूल लागतो. अलीकडे उतरायचं, पुलावर चालत जायचं, टाकायचं, परत.

पण पुलाच्या अलीकडेच एसटी थांबवली. निवडणुकीचं चेकिंग. पैसे, दारू बघत होते. एक लेडीज पोलीस आत चढली.

"मावशी, थैलीमा काय शे?"

"पीठ."

"एवढं जड पीठ?"

"ज्वारीनं शे."

बाई हसली, पण हात घातलाच. फडकं बाहेर आलं, आत काय ते आकारावरूनच कळलं. कंडक्टरसुद्धा मागे सरकला. अक्काला खाली उतरवलं, रस्त्याकडेच्या चेकिंगच्या मांडवात साहेबापुढे उभं केलं. साहेब तरुणच होता. त्याने फडकं उघडलं, उचललं, आणि मग आपल्या बोटांकडे बघत राहिला. बोटं काळी झाली होती. वास घेतला.

"हे तर बूटपॉलिश आहे."

घरभर जन्माचा पॉलिशचाच वास, अक्काला त्यात काय वेगळं कळणार? साहेबाने नळी बघितली. भोकच नव्हतं. शिसवी लाकूड, आतून कोरून शिसं ओतलेलं, वजन गोळ्या भरलेल्या पिस्तुलाएवढं. मुठीखालून ओढलं तर मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेर आलं, तेही लाकडाचं, आणि त्यात लाकडाच्या गोळ्या, एकाखाली एक.

अक्काला हायसं वाटलं, पण साहेबाचा चेहरा आणखी आवळला. कुणी बनवलं? कुणासाठी? हे दाखवून कुणाला लुटायचं होतं का? नाहीतर पिठात लपवून कशाला नेत होतात? ह्याची नोंद करावी लागेल.

"नोंद नका करू साहेब, मनी पोर पोलिसात लागी राहिनी," अक्का बोलून गेली. आणि ते ऐकून तर त्याने पेनच काढलं.

नानांना फोन गेला. ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले. आधी अक्काकडे बघितलं, मग टेबलावर.

"कुणासाठी केलं हे?"

"मन्हाकरता."

"कशाला?"

"हातमा धराले."

"फक्त धरायला?"

"लोकांचं घेतो ना साहेब, लगेच परत द्यावं लागतं. हे परत द्यायचं नव्हतं."

शिसं मासे धरणाऱ्या कोळ्याकडून आणलं होतं, जाळ्याला वजन म्हणून लावतात ते. लपवलं का, तर पाटील नि शेठ बघतील, म्हणतील म्हातारा खेळणं करून बसला. साहेबाने ते मुठीत धरलं. नानांनी सवयीने सांगितलं, अंगठा जरा वर घ्या. त्याने घेतला. आपल्या कमरेचं जाडं पिस्तूल चाचपलं, परत ह्याच्याकडे बघितलं.

"बसतं बाकी मुठीत," तो म्हणाला. मग खाली ठेवलं. "पण नाना, लांबून खरं दिसतं. हे असं घरी नेऊ देता येत नाही मला. आणि जप्त करायचं तर कागद आला."

"वस्तूच नसली तर कागद कशाचा?" नानांनी विचारलं.

साहेबाने पेनाला टोपण लावलं. उठून चेकिंगला थांबलेल्या दुसऱ्या एसटीकडे गेला, पाठ करून उभा राहिला.

नानांनी रस्त्याकडेचा दगड उचलला. शिसव आहे, एका घावात फुटतं थोडंच. मुठीपाशी तडा गेला, मग नळी सुटली, शिशाचा गोळा घरंगळत गटारीत गेला. गोळ्या उडाल्या त्या लेडीज पोलिसाच्या पायापाशी. तिने वेचून दिल्या, नानांनी त्याही ठेचल्या.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. तिकीट खिशात घालून नाना म्हणाले, "तापीमा टाकाले जाई राहिंती का?"

"हा."

"बुडनं असतं. शिसं भरेल व्हतं."

हसले का, ते अक्काला कळलं नाही. तोंड खिडकीकडे होतं. त्यानंतर नाना कव्हरं करत राहिले, रविवारची बैठकही चालू राहिली, पण स्वतःसाठी काही कोरलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. अक्काला तेच लागायचं. भांडले असते तर मिटलं असतं. हा माणूस आतून आपल्यावर राग धरून आहे, ह्याच संशयावर ती दिवस काढायची. पडताळणीचा पोलीस आला, चहा पिऊन गेला. मृणाली ट्रेनिंगला गेली. तरी अक्काचं मन थाऱ्यावर नव्हतं.

मग एका संध्याकाळी पोरीचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला, अक्का भाकरी थापत होती.

"पप्पा, आज पिस्तूल चालवलं!"

"जाडं का पातळ?"

"जाडं. माझी बोटं पुरत नव्हती. हात हलायचा."

नाना उठून उभे राहिले. मग बराच वेळ ते तिला सांगत होते, तळवा किती वर, करंगळी कुठे, दुसरा हात कसा मिळवायचा, आणि स्वतःचे दोन्ही हात हवेत पिस्तूल धरल्यासारखे हलत होते. पोरगी तिकडून म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधी झाडली का हो गोळी?"

"नही ना बेटा."

"मग हे सगळं कसं माहीत?"

नाना अक्काकडे वळले. "हाई तुन्ही मायले इचार. मन्हं पिस्तूल तिनीच चोरीसन नेलं व्हतं."

आणि खोकला येईपर्यंत हसले. अक्का पिठाच्या हातानेच पदर तोंडाला लावून बसली. तव्यावरची भाकर जळाली, ती नानांनीच उलटली.