बडोद्याच्या सपाटीवर घाटाचा गिअर

पुण्याहून निघालेली गाडी पहाटे बडोद्याला पोचली तेव्हा मी सोनचाफ्याचं कलम मांडीवर घेऊन बसले होते. डब्यातल्या सगळ्यांनी रात्री त्याची चौकशी केली होती आणि एका आजोबांनी माझ्या परवानगीशिवाय त्याला पाणीही घातलं होतं. ते पाणी माझ्या साडीत मुरलं. कलम होतं दाजींच्या शेजाऱ्यांसाठी, निरोपाची भेट म्हणून, कारण मी दाजींना कायमचं वाईला घेऊन यायला निघाले होते.

दाजी म्हणजे विनायकराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुमुदताई लग्न होऊन बडोद्याला गेली आणि गेल्या वर्षी तिथेच वारली. त्यांना मूलबाळ नाही. दाजींच्या घराण्यात पूर्वी राजवाड्याच्या कचेऱ्यांतल्या नोकऱ्या होत्या. दाजी मात्र व्यायामशिक्षक झाले आणि निवृत्तीनंतर जुना पिकअप घेऊन त्याला मागे ट्रेलर जोडून बसले. आम्ही नवरा-बायको वाईला रोपवाटिका चालवतो. माडीवरची खोली आम्ही त्यांच्यासाठी रंगवून ठेवली होती. दर फोनला मी विचारायची, कधी येताय? आणि दर फोनला ते म्हणायचे, "फावलं तर येईन ग. गाडीचा गिअर तेवढा बदलायचा आहे."

फावला वेळ मिळाला की येतील, असा मी याचा सरळ अर्थ लावला. निवृत्त माणसाला फावल्या वेळाची कसली चणचण, ते मला कळेना. शेवटी ठरवलं, आपणच जायचं, तो गिअर बदलून घ्यायचा आणि माणूस, गाडी, ट्रेलर असं सगळं घेऊन परतायचं.

स्टेशनाबाहेर दाजी पिकअप घेऊन उभे होते. ट्रेलरही मागे होता. त्यावर लोखंडी बैठकीत मल्लखांब आडवा बांधलेला, शेजारी गाद्यांची चळत. हा फिरता मल्लखांब घेऊन ते आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत जातात. जाणारे-येणारे वळून बघत होते. दाजींना गुडघा दुखत असल्यामुळे गाडी मी चालवायला घेतली. मी रोज पसरणी घाटातून पाचगणीला रोपं पोचवते, तेव्हा मला गाडीची भीती नाही. भीती वाटली ती दाजींच्या मराठीची. पहिल्याच चौकात ते म्हणाले, "डावीकडे वाळव." आमच्याकडे पापड वाळवतात. बडोद्यात गाडी वाळवतात (वळवतात). मी हसत राहिले आणि गाडी सरळ गेली, मग कारेलीबागेतल्या त्यांच्या घरी पोचायला शहराला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागली.

घर नीटनेटकं होतं. ताईचा चष्मा अजून फळीवर होता. न्याहरीला दाजींनी कोपऱ्यावरून सेव-उसळ आणली होती. वाटाण्याच्या उसळीवर मूठभर शेव आणि वर लाल तरी. तिखट कमी असेल असं समजून मी तरी जास्त घेतली आणि नंतर पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. दाजी समाधानाने म्हणाले, "सरस आहे ना?"

जेवणानंतर आम्ही जशुभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातल्या दातेरी चाकांचं काम ते करतात. मोठ्या चाकाला म्हणतात क्राउन, लहानाला पिनियन. दाजींच्या गाडीत एक्केचाळीस दातांचा क्राउन आणि दहा दातांचा पिनियन होता. सपाटीवर ही जोडी बरी. पण ट्रेलर लावून घाट चढायचा तर पिनियन नऊ दातांचा हवा. मग गाडी ओझं जास्त ओढते, मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, जास्त आवाज करतं आणि जास्त डिझेल पितं. दात कमी तर ताकद जास्त, हे ऐकून मला माझ्या सासूबाई आठवल्या.

नऊ-एक्केचाळीसची जोडी जशुभाईंनी तेलकट कागदात गुंडाळून केव्हाची बाजूला ठेवली होती. दाजी येत, ती उघडून बघत आणि परत गुंडाळून जात. मी म्हटलं, आज बसवूनच टाका. जशुभाईंनी हात पुसले आणि विचारलं, "बेन, पहेला ए कहो, गाडी क्यां चलाववानी छे?" (आधी हे सांगा, गाडी चालवायची कुठे?)

मी दाजींकडे पाहिलं. ते क्राउनचे दात मोजत होते, एक्केचाळीसच भरतात की नाही ते पाहत असावेत. मग म्हणाले, आधी आहे त्या गिअरवर पावागढचा डोंगर चढून बघू, जमलं तर बदलायची गरज नाही. हा माणूस नुसता वेळ काढतोय, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र पावागढ राहिला बाजूला, कारण दाजींना पादरा गावाच्या पलीकडच्या एका शाळेत जायचं होतं. रस्ता पाटासारखा सपाट. दोन्हीकडे कापूस, तूर आणि एरंडी. बडोद्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, तोही उतरताना आपण कशावर चढलो होतो ते आठवत नाही. पिकअप या रस्त्यावर ट्रेलर घेऊन मजेत चालला होता.

शाळेच्या अंगणात मल्लखांब उभा राहिला. त्याला एरंडेल चोळलं गेलं आणि मुलींची रांग लागली. खांबाला पायांची तिढी घालून त्या उलट्या लटकत होत्या, वेण्या खाली लोंबत होत्या. घरी माझ्याशी पुटपुटल्यासारखं बोलणारे दाजी इथे अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात गुजरातीत ओरडत होते. गुडघादुखी कुठे गेली कोण जाणे.

शाळेतल्या शिक्षिका हंसाबेन माझ्याजवळ येऊन बसल्या. ताई गेल्यानंतर सर कितीतरी दिवस नुसते येऊन ओट्यावर बसायचे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "हवे एमने अहीं फावी गयुं छे."

मी विचारलं, फावी गयुं म्हणजे? वेळ मिळाला? त्या हसल्या. नाही नाही, वेळ कसला, सरांना आता इथे फावलंय, फावे म्हणजे मानवतं, सवय होते, परकं वाटत नाही. त्यांनी हे मोडक्या हिंदीत दोनदा समजावलं. एकदाच पुरलं असतं. दाजी मला वर्षभर फोनवर बडोद्याचं मराठी ऐकवत होते आणि मी वाईचं ऐकत होते. वेळ मिळाला तर येईन, असं ते कधी म्हणालेच नव्हते. तिकडे मन रमेल असं वाटलं तर येईन, असं म्हणाले होते. त्यांनी हो म्हटलं असं धरून मी माडी रंगवून बसले होते.

तिसऱ्या दिवशी पावागढला गेलो. हालोलपर्यंत गाडी ठीक चालली. माचीचा (जिथे गाडीरस्ता संपतो त्या टप्प्याचा) चढ लागला आणि ती धापा टाकायला लागली. एका वळणावर पुढची बस थांबली म्हणून आम्हीही थांबलो, आणि गाडी परत निघेना. क्लचचा जळका वास आला. दाजींनी उतरून ट्रेलरच्या चाकामागे धोंडा लावला. मागे अडकलेल्या एका जीपवाल्याने आमच्या मल्लखांबाकडे बोट दाखवून, हा खांब वर देवीला वाहायचा आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर त्याने श्रद्धेने मागून धक्का दिला आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत माचीला पोचलो.

इंजिन निवेपर्यंत चहा घेत कठड्यापाशी बसलो. खाली गुजरात पसरलं होतं, कुठेही उंचवटा नसलेलं. खंबाटकीचा घाट ओलांडल्याशिवाय वाई येत नाही, आणि या गाडीने तो ओलांडणं शक्य नव्हतं. एवढं तर आता सिद्ध झालं होतं. उरलेलं विचारायचं मला धाडस होत नव्हतं, पण विचारलं.

"दाजी, वाईला तुम्हाला फावेल का?"

मी शब्द बडोद्याच्या अर्थाने वापरला आणि ते त्यांना कळलं. त्यांनी कपातला चहा संपवला.

"नाही फावणार, सुमन," ते म्हणाले. "तुमच्याकडे सगळं सरस आहे. तुला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून गिअरवर ढकलत होतो. पण कुमुद इथे होती ग. मला इथेच बरं वाटतं."

मला वाईट वाटलं. रंगवलेल्या खोलीचा रागही आला. ताईबद्दल बोलायला आता माझ्याजवळ दुसरं कोणी नाही, आणि दाजी घरात असते तर ती थोडीशी घरात आली असती, एवढाच माझा हिशेब होता. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, आता गिअर बदलू नका, पादऱ्याला आहे तोच उत्तम. ते म्हणाले, ते जशुभाईंकडे बघू.

उतरतानाही क्लचचा वास येत होता म्हणून थेट गॅरेजमध्येच गेलो. जशुभाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी दाजींनी उत्तर दिलं: रोज पादरा, आणि वर्षातून एकदा वाई. जशुभाईंनी मान हलवली. मग दहाच राहू द्या, एका घाटासाठी वर्षभर इंजिन कशाला ओरडवता, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं.

"नव नाखो, जशुभाई," दाजी म्हणाले. "नहीं तो हुं दर वरसे कहीश के गाडी चढती नथी." (नऊच घाला. नाहीतर गाडी चढत नाही असं मी दर वर्षी सांगेन.)

जशुभाईंनी कागद सोडला.

नऊ-एक्केचाळीस बसल्यावर दाजी मला हमरस्त्यावर फेरी मारायला घेऊन गेले. वेगाचा काटा आता खोटं बोलेल, हे जशुभाईंनी आधीच सांगितलं होतं. काटा ऐंशी दाखवत होता आणि गाडी जेमतेम बहात्तरने चालली होती. इंजिन असं ओरडत होतं की बोलायचं तर आवाज चढवावा लागे. दुधाच्या टेम्पोनेही आम्हाला मागे टाकलं. परतीच्या दिवशी दाजी त्या काट्याच्या भरवशावर आरामात निघाले आणि मला आगगाडी पळत गाठावी लागली. सोनचाफा मी शेजाऱ्यांना दिला नाही. दाजींच्या अंगणात, नळाजवळ लावून आले.

घरी पोचल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, येणार ना? मी म्हटलं, येतील, राहणार नाहीत. माडीवरचा पलंग आम्ही हलवला नाही. वाईला बसून मला वाटायचं की आपण दाजींची सोय बघतोय. त्यांनी मात्र रोजच्या सपाट रस्त्यावर आमचा घाट सोबत वागवायचं ठरवलं होतं, आणि हे कळायला मला बडोद्याला जावं लागलं.

परवा त्यांचा फोन आला. पादऱ्याच्या रस्त्यावर चालत्या गाडीतूनच बोलत होते. इंजिन असं ओरडत होतं की एक शब्द धड ऐकू येईना. दिवाळीनंतर ट्रेलर घेऊन येतो, असं काहीसं सांगत होते. मी ओरडून विचारलं, "दाजी, रोज हा आवाज कसा सहन करता हो?"

"फावलं मला आता," ते म्हणाले.