साडूच्या जीपचा बोल्ट

नंदनवन वस्तीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या साडूने घरच्या अंगणात जीपची बॉडी दोन इंच उचलली. जॅक लावून बॉडी आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, यांच्या मध्ये नायलॉनच्या जाड चकत्या सरकवायच्या आणि लांब बोल्ट कसायचे, असं ते काम. मी त्याला पाने देत होतो. बायको पायरीवरून म्हणाली, "याले म्हणतात हौस! तुमच्याच्यानं नळाचा वायसर बदलवून होत नाही."

ते मला फार लागलं.

बॉडी वर नेण्याआधी सैल केलेला स्टिअरिंगच्या जोडाचा बोल्ट पुन्हा कसायचा राहिला होता. मला तो दिसला.

"भाऊजी, सगळं पाहून घेतलं ना?" साडूने विचारलं.

"हो," मी म्हणालो. गाडी सुरू केल्यावर स्टिअरिंग नुसतंच फिरावं आणि सगळ्यांसमोर त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

पहिली चक्कर मारायची म्हणून मेहुणीने चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात माझी बायको पुढच्या सीटवर चढून बसली आणि मी ओरडलो, "थांब! स्टिअरिंगचा बोल्ट ढिला आहे."

साडूने वाकून पाहिलं आणि माझे हात धरले. "मले तर दिसलाच नसता, भाऊजी."

आता तो हे प्रत्येक लग्नात सांगतो. बायको जीपमध्ये चढली नसती तर मी गप्प राहिलो असतो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.