इंजिनाचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी इंजिन प्यायचं. आम्ही दोघं, सासूबाई आणि शेळी मिळून तेवढं पीत नव्हतो.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. आमचे हे मोटारीचे मिस्त्री. नगरला लष्करातून रिटायर झालेले एक साहेब होते, ते बंगल्याच्या आवारात एका माणसापुरतं विमान बांधत होते. विमानाचं खरं इंजिन मिळेना, म्हणून त्यांनी यांना मोटारीचं बसतंय का बघायला सांगितलं. यांनी घाटात उलटलेल्या एका फियाटचं इंजिन आणलं, दारातल्या कडुलिंबाखाली लाकडी घोडीवर आवळलं आणि त्याला सुताराकडून करून घेतलेला सागवानी पंखा लावला. साहेबांचं म्हणणं एवढंच, की इंजिन तासभर न थांबता चालावं आणि वजनाला हलकं असावं.

तिथंच सगळं अडलं. रेडिएटर जड, म्हणून यांनी तो कापून लहान केला. लहान केला म्हणून पाणी उकळायला लागलं. पंखा फिरला की अंगणभर धूळ, शेळी दावं तोडायला बघायची आणि थोड्या वेळानं टोपणातून वाफ. मग हाक यायची, "आगं, एक कळशी आन."

विहिरीनं तळ गाठला होता. आत उतरून वाटीनं भरावं लागायचं. खडी फोडायच्या कामावरून आले की मी तशीच रांगेत उभी राहायची. डोक्यावरून आणलेलं ते पाणी डोळ्यांदेखत वाफ होऊन जायचं. पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, घरातही मी मनातल्या मनातच भांडायची. एकदा फक्त मी यांना म्हणाले, "आज भाकरीपुरतंच हाय."

"उद्या साहेब येनार हायेत," हे म्हणाले. "त्यांनी एकदा इंजिन पसंत केलं की मग काय."

मग काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

साहेब आले. इंजिन चाललं, तापलं. यांनी रांजणातलं शेवटचं पाणीही त्यात ओतलं, तरी तासाच्या आतच ते बंद करावं लागलं. साहेब ओट्यावर टेकले, रुमालानं मान पुसली आणि दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, जरा पाणी मिळेल का प्यायला?"

रिकामा तांब्या हातात धरून मी दाराआड उभी होते.

"आगं, दे की पानी," हे म्हणाले.

"पानी इंजिनात हाय," मी म्हणाले.

परक्या माणसासमोर मी एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. साहेब हसले नाहीत. "मिस्त्री, रेडिएटरचं पुन्हा बघा," एवढं बोलून ते तहानलेलेच गेले.

साहेबांची जीप वळली तसे हे उखडले. "पाहुन्यापुढं लाज घालवलीस. शेजारनं आनता आलं नसतं व्हय?"

"शेजारी तरी कुठं हाय?" एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढंही बोलले, "हितनं पुढं इंजिनाचं पानी तुमचं तुमी आना."

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती, मी सकाळीच रांगेत होते. हे खरंच कळशी घेऊन विहिरीवर आले. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष.

"काय मिस्त्री, इमानाला तान लागली का?" पुढची म्हातारी म्हणाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "पदर घ्या की डोक्यावर. रांग बायकांची हाय."

सगळ्या हसल्या. मी मान वर केली नाही. त्यांची पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. कळशी खांद्यावर घेऊन, शर्ट भिजवत त्यांनी ती घरी आणली. मला वाटलं, आता रांजणात ओततील. त्यांनी ती इंजिनात ओतली. धार बारीक धरून, थेंब बाहेर जाऊ न देता.

पाणी त्यांचं होतं. पंखा फिरायला लागला, शेळी ओरडली. पण वाफ दिसायच्या आधीच त्यांनी इंजिन बंद केलं आणि ते निवेपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहिले.