किंचाळे, आदळे आणि पेंगे

माझ्या आवडत्या रॉक बँडांची खरी नावं आमच्या घरात कुणालाच माहीत नाहीत. कॉलेजात असताना मी कॅसेटी घरी आणायला लागलो, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकता ऐकता एकेका बँडला आडनाव देऊन टाकलं. तीच टिकली. ज्यांचा गायक आतडी घशाशी आणून गातो ते किंचाळे. ज्यांचा ड्रमवाला ड्रमवर जुनं वैर काढतो ते आदळे. आणि ज्यांचं गाणं सुरू झालंय की संपलंय हेच कळत नाही ते पेंगे. "आज किंचाळ्यांकडं लगीन हाय का रं?" असा दादांचा आवाज ओसरीवरून आला की मी मुकाट्यानं बटण फिरवायचो.

आता माझी पन्नाशी आली. सावेडीत फ्लॅट आहे, कॅसेटी जाऊन गाणी मोबाईलमध्ये आली, पण अंगावरचा काटा तोच आहे. किंचाळ्यांचा गायक वरच्या सुराला हात घालतो तेव्हा वाटतं, आपण विहिरीत डोकावून हाक मारली आणि विहिरीनं ओ दिली. आदळे सुरू झाले की दाराची कडी आपोआप हलते; मी स्वतः पाहिलंय. पेंग्यांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचा ड्रमवाला एक ठोका देतो, टक्. मग झांजेवर ब्रश फिरवतो, फुस्स. मग बहुधा चहा पिऊन येतो. मग पुन्हा टक्, पुन्हा फुस्स. दूरच्या मामासारखे ते माझ्या यादीत अगदी शेवटी बसलेले असत. बोलवायचं म्हणून बोलवायचं.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो. काष्टीजवळ आमचं गाव. घरात शिरतो तर सुतक असल्यासारखी शांतता. कारण गोठ्यात बांधलं होतं. कोपरगावकडच्या एका मोठ्या गोठ्यातून आईनं नवी गाय आणली होती, काळी-पांढरी, चांगली दांडगी. आमच्याकडं गाय पारखायचं काम कायम दादांचं. या खेपेला पहिल्यांदाच आई अडून बसली होती, की ही मीच निवडणार. आणि आल्यापासून कोपरगावकरीण पान्हा चोरत होती. कासेला हात लावला की लाथ. थोडंफार निघे ते भांडून, बाकीचं दूध कासेतच राही. असंच चाललं असतं तर कास दगडासारखी झाली असती, मग संपलंच.

"तुझी पारख चहापुरतंबी दूध देईना," दादा आईला म्हणाले.

"तुमच्या हातालाच वंगन न्हाई," आई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

कुणीतरी पान्ह्याची सुई सुचवली होती. दादांनी त्याला हाकलून दिलं होतं. "सुई टोचून दूध काढायचं तर गाय कशाला पायजे? नळ बसवतो की!" मग त्यांनी निकाल दिला. शनिवारी काष्टीच्या बाजारात गाय विकायची. टेम्पो सांगून झाला होता. आई काही बोलली नाही, आणि आमची आई बोलली नाही की घराचा पाया हलतो.

शुक्रवारी सकाळी मी दात घासत गोठ्याबाहेर उभा होतो. शेजारी दगडावर माझा छोटा स्पीकर. त्यावर आदळे. आत दादा बादली घेऊन बसले होते, आई गाईची मान खाजवत उभी होती. आदळ्यांनी पहिला घाव घातला आणि बादली माझ्या पायाशी येऊन पडली.

"बंद कर ते!" दादा ओरडले. "आधीच तिला लाथेचं निमित्त पायजे!"

तोंडात फेस, हातात ब्रश. बंद करायला गेलो ते पुढचं लागलं. किंचाळे. गाईनं कान मागं पाडले, आमचं कुत्रं उठून शेतात निघून गेलं. मी घाईत बोट भराभर सरकवलं आणि यादी थेट तळाला जाऊन थांबली. टक्. फुस्स.

गाईचे कान पुढं आले.

टक्. फुस्स. तिनं मान वळवून स्पीकरकडं पाहिलं. मी इतकी वर्षं रॉक ऐकतोय, पण इतकं कान देऊन ऐकणारं कुणी पाहिलं नव्हतं. तिचा जबडा हलू लागला. ती सावकाश रवंथ करायला लागली. आणि मग, देवाशपथ सांगतो, कुणीही हात न लावता सडातून दुधाचे थेंब खाली टपकले.

"आवं, पान्हा सोडला!" आई कुजबुजली.

दादांनी बादली उचलली. चुर्र, चुर्र, चुर्र. लाथ नाही, शेपूट नाही. तोंडातला फेस गिळला हे मला नंतर कळलं.

बादली भरल्यावर भांडण पेटलं. मी म्हणालो, संगीत आहे, शेवटी मुक्या जनावरालाच कळलं. दादा म्हणाले, गाय माझ्या हाताला वळली. आई म्हणाली, "गप बसा दोघंबी. तिकडं तिची धार मशीननं काढीत हुते. मी बघितलंय. त्या मशीनचा आसाच आवाज, टक् फुस्स. तिला वाटलं मशीनच लागलं."

माझा चेहरा पडला. पण मग मी ते गाणं पुन्हा लावलं, आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. दोन ठोक्यांच्या मधल्या ज्या जागेला मी आयुष्यभर हसलो, तिच्यात सगळं होतं. तो ड्रमवाला चहा प्यायला जात नव्हता. तो वाट बघत होता.

संध्याकाळीही तिनं पान्हा सोडला. तरी दादा बधेनात. "एक दिवस दिलं म्हंजी झालं व्हय? उद्या पहाटंचं बघू. टेम्पो येनारच हाय." मला सावेडीला परतणं भाग होतं. स्पीकर दादांच्या मोबाईलला जोडून, गाणं कसं लावायचं ते शिकवून निघालो.

पहाटे फोन. आईच्या बटणांच्या फोनवरून दादा. "आरं, पेंगे बंद पडले! मोबाईल नुसता गोल गोल फिरतोय."

रात्री त्यांनी साऱ्या आळीला बोलावून पेंगे ऐकवले होते. नेट संपलं होतं. आणि टेम्पो दारात उभा होता. फोनमधून त्याचं इंजिन ऐकू येत होतं.

मी दादांना फोन मोठ्या आवाजावर ठेवून आईला गाईच्या कानाशी धरायला सांगितलं, आणि बायकोच्या मोबाईलवर गाणं लावून माझ्या फोनजवळ धरलं. "ही खरखर काय लावली?" दादा ओरडले. "पाय उचलाया लागली!"

मग मी पिठाचा डबा मांडीवर घेतला. टक्. तोंडानं फुस्स. टक्. फुस्स. बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, हे काय?"

"धार काढतोय," मी फुस्सच्या आत बसवलं.

"जरा दमानं," पलीकडून दादा. "पळतोयस तू. पेंगे व्हय, आदळे न्हाई!"

मी डोळे मिटले. वाट बघायला शिकलो. टक्. थांबलो, खरंच थांबलो. फुस्स. पलीकडं सगळं गप्प झालं. मग बादलीच्या तळाशी बारीक आवाज आला. चुर्र. आणि त्यावर आईचं हसू.

"न्हाई विकायची!" दादा कुणावर तरी ओरडले. "टेम्पो रिकामा ने!" इंजिनाचा आवाज दूर दूर गेला. माझे हात भरून आले होते, डोळेही. मी डब्यावरचा हात जरा सैल केला.

"थांबू नगंस रं," दादा म्हणाले. "आजून दोन सड ऱ्हायल्यात."